सर्व्हरच्या मदरबोर्डवर घरगुती विंडोज

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीत लोणारच्या कामानिमित्त मी आठवडाभर बुलढाणा जिल्ह्यात होतो. लोणार आणि मेहकर यांच्या दरम्यानच्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला. शाळेला एक मोठा संगणक भेट मिळाला आहे, पण तो काही केल्या चालत नाही. तुम्ही शास्त्रज्ञ आहात, येऊन बघाल का? शास्त्रज्ञ म्हणजे सगळ्याच यंत्रांचा वैद्य अशी आपल्याकडे समजूत आहे. माझा विषय खडकांचा. पण गणितांसाठी संगणकाशी रोजचा संबंध येतो, म्हणून गेलो.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, आम्लांच्या बाटल्यांच्या कपाटाशेजारी, एक लोखंडी पेटी आडवी ठेवलेली होती. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्यातल्या आपल्या कंपनीतून, तिथे निकालात निघालेला सर्व्हर, स्वतःच्या खर्चाने गावी आणून दिला होता. २०१२ साली बाजारात आलेल्या पिढीतले दोन झिऑन प्रोसेसर, प्रत्येकात आठ गाभे, ६४ गिगाबाइट स्मृती, दोन वीजपुरवठे, चार डिस्का. नवा असताना या पेटीला काही लाख रुपये पडले असणार. शाळेचा बेत सरळ होता. संगणक-शिक्षकांकडे विंडोज १० ची 'होम' आवृत्ती होती. ती या पेटीवर बसवायची, प्रक्षेपक जोडायचा आणि सगळ्या वर्गांना शिकवायचे.

हा बेत त्यांना सुचला तो एका सल्ल्यावरून, आणि माझ्या टीकेचा रोख त्या सल्ल्याकडे आहे. 'कंपन्यांनी काढून टाकलेला सर्व्हर स्वस्तात घ्या, त्यावर आपली नेहमीची विंडोज टाका, महागड्या संगणकाच्या बरोबरीचे यंत्र तयार' हा सल्ला गेली काही वर्षे शहरातल्या हौशी मंडळींकडून खेड्यापर्यंत झिरपत आला आहे. त्याच्या विरुद्ध टोकाला तालुक्याच्या गावचा दुकानदार असतो. तो म्हणतो, 'सर्व्हरवर साधी विंडोज बसतच नाही, त्याला वेगळीच लागते.' माझ्या मते दोघेही चुकतात, पण त्यांच्या चुका एकाच ठिकाणी नाहीत.

आधी दुकानदाराचे पाहू. यूएसबीवरून विंडोज बसवायला घेतली तेव्हा पहिला धक्का मिळाला तो वेळेचा. बटन दाबल्यावर पडद्यावर काही उमटायलाच साडेतीन मिनिटे लागली. सगळी स्मृती मोजणे, ती तपासणे, प्रत्येक कार्डाची विचारपूस करणे, हे सर्व्हरचा मदरबोर्ड सावकाश करतो. वर्षातून एकदोनदाच सुरू व्हायचे ज्याच्या नशिबी, त्याला घाई कशाची? तेवढ्या वेळात पंखे पूर्ण वेगाने फिरत होते. शाळेचे शिपाई दारात येऊन म्हणाले, ''सर, हे गिरणीवानी आवाज काहून करते?'' त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. चार-साडेचार सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून उष्णता बाहेर काढायची तर पंखे छोटेच बसवावे लागतात, आणि छोट्या पंख्याने पुरेशी हवा ओढायची तर तो मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे फिरवावा लागतो. सर्व्हर ठेवण्याच्या खोलीत माणसे बसत नाहीत असे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते.

दुसरा धक्का नेहमीचा आहे. विंडोज बसवणाऱ्या आज्ञावलीने विचारले, 'कोणत्या डिस्कवर बसवू?' आणि खाली यादी रिकामी. चार डिस्का डोळ्यांसमोर होत्या, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते, पण विंडोजच्या लेखी तिथे काहीच नव्हते. कारण त्या डिस्का मदरबोर्डच्या साध्या जोडणीला लावलेल्या नव्हत्या; मध्ये 'रेड' नियंत्रक होता. एक डिस्क मेली तरी माहिती वाचावी म्हणून तीच माहिती अनेक डिस्कांवर वाटून किंवा दुहेरी लिहिण्याचे काम तो करतो. त्याच्याशी बोलायचे तर त्याची भाषा जाणणारा दुभाषा हवा. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजच्या संचात आलेल्या हजारो ड्रायव्हरांत नेमका हा नव्हता. नियंत्रकाच्या उत्पादकाकडे ड्रायव्हर होता, पण तो फक्त 'विंडोज सर्व्हर' साठी असल्याचे लिहिलेले.

इथे बहुतेकजण हात टेकतात आणि दुकानदार खरा ठरतो. पण थोडे खोलात जावे. विंडोज सर्व्हर २०१६ आणि तेव्हाची विंडोज १०, विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०१८ च्या उत्तरार्धातली विंडोज १०, या जोड्यांचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, एकच आहे. कर्नेल एकच असेल तर एकावर चालणारा ड्रायव्हर दुसऱ्यावर का चालू नये? बहुधा चालतो. नसेल चालत तर कित्येकदा कारण तांत्रिक नसतेच. ड्रायव्हरासोबत साध्या मजकुराची एक फाइल येते. हा ड्रायव्हर कोणत्या आवृत्तीवर बसवून घ्यावा हे तीत लिहिलेले असते. घरगुती आवृत्तीचा उल्लेख नसेल तर ती दारातूनच परत पाठवली जाते. फाइलमध्ये खाडाखोड करावी, तर ड्रायव्हरवरची अंकीय सही बिघडते आणि विंडोज त्याला बनावट समजते. आमच्या बाबतीत नशीब बरे होते. सर्व्हरसाठीचा ड्रायव्हर यूएसबीवर घेऊन 'ड्रायव्हर दाखवा' या बटनाने दिला, आणि चार डिस्कांच्या जागी एक मोठी डिस्क यादीत अवतरली. विंडोज १० चाळीस मिनिटांत बसली. दुकानदाराचे म्हणणे तेवढ्यापुरते निकालात निघाले.

'सर्व्हर' आणि 'घरगुती' हा भेद किती अंशी यंत्रातला आणि किती अंशी पाटीतला, हा प्रश्न जुना आहे. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० दोन रूपांत विकायला काढली, वर्कस्टेशन आणि सर्व्हर. किमतीत मोठे अंतर होते. वर्कस्टेशनवर कुणी वेबसाइट चालवू नये म्हणून जोडण्यांच्या संख्येवर दहाची मर्यादा घालण्याचा बेत होता. ही दोन वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी घडवलेली उत्पादने आहेत, असे कंपनीचे म्हणणे. अँड्र्यू शुलमन आणि मार्क रशिनोविच या दोघांनी स्वतंत्रपणे फायली ताडून पाहिल्या आणि दाखवून दिले की दोन्हींतले कर्नेल अक्षरशः एकच आहे. यंत्र सुरू होताना ते नोंदवहीतल्या, म्हणजे रजिस्ट्रीतल्या, मोजक्या नोंदी वाचते आणि 'मी आज सर्व्हर' किंवा 'मी आज वर्कस्टेशन' असे ठरवून त्याप्रमाणे वागते. बरीच आरडाओरड झाली. जोडण्यांची तांत्रिक मर्यादा मायक्रोसॉफ्टने काढली, परवान्यातली मात्र ठेवली. गंमत म्हणजे याच रशिनोविच यांना पुढे २००६ साली मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे नोकरीला घेतले.

या प्रसंगाचा हवाला देऊन 'सगळी फसवणूक आहे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अर्धेच पटते. कर्नेल एक असले तरी त्याची वागणूक मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, आणि त्या वेगळेपणाला कधीकधी अर्थ असतो. एकाच प्रोसेसरवर अनेक कामे चालतात तेव्हा प्रत्येकाला थोडा-थोडा वेळ वाटून द्यावा लागतो. घरगुती विंडोज हे तुकडे लहान ठेवते, आणि ज्या खिडकीत तुम्ही टंकलेखन करत आहात तिला झुकते माप देते. सर्व्हर आवृत्ती तुकडे मोठे ठेवते आणि सगळ्यांना सारखे देते. मेहकरहून सुलतानपूरकडे निघालेली काळीपिवळी हात दाखवील तिथे थांबते. मेहकर-पुणे रातराणी फक्त थांब्यावर थांबते. हात दाखवणाऱ्याला काळीपिवळी सोयीची, लांबच्या प्रवाशांना रातराणी. पण दोन्हींची इंजिने वेगळ्या जातीची आहेत असे कोणी म्हणू नये. शंका असेल त्यांनी घरच्या विंडोजमध्ये 'सिस्टिम'च्या प्रगत मांडणीत जाऊन कामगिरीचे पान उघडावे. 'प्रोग्राम्स' आणि 'बॅकग्राउंड सर्व्हिसेस' असे दोन पर्याय तिथे आजही आहेत. दुसरा निवडला की काळीपिवळीची रातराणी होते, फुकटात.

मात्र काही फरकांना असा कोणताही अर्थ नाही. ते निव्वळ गल्ल्यासाठी आहेत. विंडोजची 'होम' आवृत्ती एकच प्रोसेसर-खाचा वापरते. 'प्रो' दोन वापरते. चार हव्या असतील तर आणखी महागडी आवृत्ती. एकाच खाचेतल्या प्रोसेसरमध्ये कितीही गाभे असोत, होमची हरकत नसते. पण तेवढेच गाभे दोन खाचांत वाटलेले असले तर दुसऱ्या खाचेकडे ती पाठ फिरवते. शाळेत हेच झाले. कार्यव्यवस्थापकाच्या खिडकीत सोळाऐवजी आठच गाभे दिसले. संगणक-शिक्षकांना वाटले, दुसरा प्रोसेसर जळलेला आहे. तो काढून बाजूला ठेवावा म्हणून ते पेचकस घेऊन बसले होते. तो अगदी धडधाकट होता. त्याला काम न देण्याचा निर्णय सॉफ्टवेअरच्या विक्री विभागात झालेला होता. यंत्रातला दोष आणि परवान्यातली अट यांत फरक कसा ओळखावा, हे आपण शिक्षकांना कुठल्याही संगणक-अभ्यासक्रमात शिकवत नाही, ही माझी तक्रार आहे. 'आठ गाभे दिसतात' हे निरीक्षण झाले, 'दुसरा प्रोसेसर जळला' हा तर्क. दुसरी प्रणाली यूएसबीवरून चालू करून गाभे पुन्हा मोजणे हा प्रयोग. तो करायला वीस मिनिटे लागली, आणि सोळाच्या सोळा दिसले.

आता हौशी मंडळींचा सल्ला. बसली ना विंडोज? मग यंत्र दमदार चालायला काय हरकत? हरकत आहे. 'सर्व्हर म्हणजे अतिशय शक्तिशाली संगणक' ही आपल्या वर्गांतून सर्रास सांगितली जाणारी व्याख्या मुळात चुकीची आहे, आणि सल्ल्याचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. सर्व्हर हा पुष्कळांची सेवा न थांबता करण्यासाठी बांधलेला संगणक आहे. त्याची ताकद त्या कामाची ताकद असते. ट्रक जास्त वजन ओढतो म्हणून तो शर्यतीत मोटारसायकलला हरवील असे नाही.

या पेटीत ध्वनीची चिपच नाही. स्पीकर जोडायला भोक नाही. चित्र दाखवणारी चिप आहे, पण ती कोणती? अशा बहुसंख्य सर्व्हर मदरबोर्डांवरचे चित्र-मंडल आजही मॅट्रॉक्स जी२०० या १९९८ सालच्या रचनेवरून घेतलेले किंवा त्याच ताकदीचे असते. लांबून देखरेख करणाऱ्या एका छोट्या स्वतंत्र नियंत्रकाच्या पोटात ते बसवलेले असते, आणि त्याचे एकच काम, दुरुस्तीला आलेल्या माणसाला काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे दाखवणे. शिक्षकांना दाखवायचे होते जिओजेब्रातले त्रिमित घन आणि हृदयाच्या कार्याची फिरती चित्रे. ती सगळी रंगवण्याचे ओझे प्रोसेसरवर पडले आणि लाखो रुपयांच्या यंत्रावर घन अडखळत फिरू लागला. शेजारच्या टेबलावरच्या सातआठ वर्षांच्या साध्या संगणकावर तो सुरळीत फिरत होता. वर्गातली मुले हसली आणि मुख्याध्यापक ओशाळले. मला वाटते ओशाळण्याची पाळी व्याख्या लिहिणाऱ्यांवर यायला हवी होती.

विजेचे गणितही करावे. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या कपाटात प्लगमध्ये लावायचा वीजमापक होता. त्यावर ही पेटी काहीही काम नसताना ११० वॅट घेत होती. दिवसाला ६ तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर १४५ युनिटे झाली. शेजारचा साधा संगणक २५ वॅट घेत होता; त्याची त्याच हिशेबाने ३३. पण मुलांना खरे आश्चर्य वाटले ते पुढच्या आकड्याचे. पेटी बंद केली, दिवे मालवले, तरी मापक ८ वॅटवर थांबला. तो देखरेख-नियंत्रक यंत्र बंद असतानाही जागा असतो, कारण लांबून 'सुरू हो' असे सांगणाऱ्याचे ऐकायला कुणीतरी जागे हवे. ८ वॅट चोवीस तास वर्षभर, म्हणजे ७० युनिटे. थोडक्यात, बंद ठेवलेला हा सर्व्हर शाळेच्या वेळात चालणाऱ्या साध्या संगणकाच्या दुपटीहून अधिक वीज खातो. नववीच्या एका मुलीने हा गुणाकार फळ्यावर तीनदा केला. तिचा विश्वास बसेना. भिंतीवरचे बटन बंद करायला विसरू नका, एवढी सूचना मुख्याध्यापकांनी लगेच लिहून चिकटवली. उन्हाळ्याचा विचार वेगळाच. डेटा केंद्रांसाठी साधारण १८ ते २७ अंश तापमानाची शिफारस असते; मलकापूर-नांदुऱ्याच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि घाटावर थोडे कमी इतकेच.

मग सर्व्हरचा मदरबोर्ड खरोखर वेगळा कशात? सल्ला देणारे ज्याचा उल्लेखही करत नाहीत त्या एका गोष्टीत. स्मृतीची पट्टी काढून हातात घ्या आणि तिच्यावरचे सारखे काळे चौकोन मोजा. साध्या पट्टीवर एका बाजूला बहुधा आठ असतात. सर्व्हरच्या पट्टीवर नऊ. (मध्यभागी वेगळ्या आकाराची एखादी चिप असेल तर ती मोजू नये, तिचे काम निराळे.) नववा चौकोन चुका सुधारण्यासाठी असतो. ६४ बिटांच्या प्रत्येक शब्दामागे ८ जादा बिटे ठेवलेली असतात. त्यांच्या मदतीने एखादे बिट ० चे १ झाले तर नेमके कोणते उलटले ते सापडते आणि दुरुस्त होते; दोन उलटली तर दुरुस्ती होत नाही, पण चूक झाल्याचे कळते.

बिटे का उलटावीत? १९७८ च्या सुमारास इंटेलमधल्या संशोधकांना आढळले की चिपच्या वेष्टणाच्या मातीतच युरेनियम-थोरियमचा अंश होता, आणि त्यातून निघणारे अल्फा कण स्मृतीतला विद्युतभार पुसत होते. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळेही हे घडते, आणि चिपांमधल्या बारीकसारीक दोषांमुळे तर अधिकच. गूगलच्या हजारो यंत्रांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दरवर्षी सुमारे आठ टक्के स्मृतीपट्ट्यांत किमान एक तरी चूक नोंदली गेली होती. बेल्जियममध्ये मे २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक या गावी एका उमेदवाराला तिच्या पक्षाला मिळू शकतील त्याहूनही जास्त मते मिळाली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४०९६. ही संख्या दोनाचा बारावा घात आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहताक्षणी ओळखायला हवे. द्विमान पद्धतीत लिहिलेल्या मतसंख्येतले एकच बिट उलटले तर अगदी एवढाच फरक पडतो. यंत्र तपासूनही दुसरे कारण सापडले नाही. बिट कशाने उलटले ते मात्र कोणी सिद्ध करू शकले नाही.

ही दुरुस्तीची पद्धत रिचर्ड हॅमिंग यांनी बेल प्रयोगशाळेत शोधली आणि १९५० साली प्रसिद्ध केली. शनिवार-रविवारी यंत्रावर लावून ठेवलेली त्यांची गणिते चूक आढळताच यंत्र सोडून देई आणि सोमवारी हाती काही नसे. ज्या यंत्राला चूक झाल्याचे कळते त्याला ती कुठे झाली हे का कळू नये, असा त्यांचा त्रागा होता. मला तो त्रागा चांगला समजतो. पीएच.डी.च्या काळात माझे एकोणीस दिवस चाललेले गणित अशाच एका साध्या यंत्रावर निरर्थक आकडे देऊन संपले होते. दुसऱ्यांदा चालवले तेव्हा बरोबर आले. कारण आजतागायत कळलेले नाही, आणि कळण्याची सोयच त्या यंत्रात नव्हती.

वर्गात हे पत्त्यांनी दाखवता येते. चार ओळी आणि चार स्तंभ असे सोळा पत्ते मुलांना मन मानेल तसे उलटसुलट मांडू द्यावेत. मग शिक्षकांनी 'थोडी भर घालतो' म्हणून प्रत्येक ओळीच्या आणि स्तंभाच्या शेवटी एकेक पत्ता असा ठेवावा की ओळीतल्या सुलट पत्त्यांची संख्या सम होईल. पाठ फिरवून एका मुलाला कोणताही एक पत्ता उलटायला सांगावे. वळून पाहिले की एका ओळीत आणि एका स्तंभात संख्या विषम दिसते. ती जिथे छेदतात तो पत्ता. दोन पत्ते उलटवून घ्या, म्हणजे पद्धतीची मर्यादाही कळेल. हॅमिंगची रचना याहून काटकसरीची आहे, पण कल्पना हीच.

आणि ही दुरुस्ती प्रोसेसरमधला स्मृती-नियंत्रक स्वतः करतो. वर कोणती कार्यप्रणाली आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवर घरगुती विंडोज बसवण्यात खरोखर काही कमाई असेल तर ती ही. दीर्घकाळ गणिते करणाऱ्या, मोजमापांच्या मोठ्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाने आवाज आणि वीज सोसून असे यंत्र वापरले तर मी त्याला हसणार नाही. स्वतः वापरतोच.

पण शाळेचे काय? वर्गात चाळीस मुले. घरगुती विंडोजच्या परवान्याप्रमाणे एका वेळी एकच माणूस यंत्रासमोर बसून काम करू शकतो. तिच्या सामायिक फोल्डरलाही एका वेळी वीसच जोडण्या चालतात. सोळा गाभे, ६४ गिगाबाइट, आणि एक मूल टंकफलकावर, एकोणचाळीस त्याच्या पाठीमागे. पुष्कळांची सेवा करण्याचा त्या पेटीतला एकमेव गुण त्या एका परवान्याने काढून घेतला जातो, आणि आवाज, वीज, साडेतीन मिनिटे हे अवगुण तेवढे पदरी पडतात. माझा मुख्य आक्षेप हा आहे. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मी तिथे पोचण्याच्या थोडेच दिवस आधी, संपला होता. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१२ चा झिऑन त्या यादीत नाही. अट चुकवण्याच्या युक्त्या आहेत, चालतातही. पण शाळेने अशा टेकूवर वर्षाचा कार्यक्रम उभा करावा असे मला वाटत नाही.

उलट दिशेचा इतिहास आपल्याकडे घडलेला आहे आणि तो सांगायला हवा. अमेरिकेने महासंगणक देण्याबाबत अडवणूक केल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ चा परम ८००० हा बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर मोठ्या संख्येने एकत्र जोडून बनवला होता. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात सोळा साध्या ४८६ प्रोसेसरांची मोट लिनक्सने बांधली गेली. पुण्यातच उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला. त्यात बाजारातलेच झिऑन सर्व्हर होते. या सर्वांनी सुटे भाग साधे घेतले आणि काम ठरवून त्याला साजेशी प्रणाली निवडली. घरगुती यंत्रासाठी १९९१ साली एका विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहायला घेतलेले लिनक्सचे कर्नेल नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर आहे. खाचा मोजून दार बंद करणारा विक्री विभाग तिथे नाही, हे त्याचे एक कारण असावे.

शाळेत आम्ही शेवटी हेच केले. विंडोज पुसून पेटीवर लिनक्स बसवले. डिस्का कोणताही ड्रायव्हर न मागता दिसल्या. अडगळीत पडलेले अकरा जुने संगणक होते, त्यांतल्या बहुतेकांच्या हार्ड डिस्का मेलेल्या. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट या १९९९ पासून चालत आलेल्या व्यवस्थेत अशा यंत्रांना डिस्क लागत नाही. ती जाळ्यावरून सर्व्हरकडून प्रणाली मागून घेतात, आणि मुलांची खाती व फायली सर्व्हरवरच राहतात. अकरापैकी नऊ उठली. मुलांना दोघा-दोघांत एक यंत्र मिळते, त्यामुळे चाळीसपैकी अर्धा वर्ग एका वेळी बसतो, बाकीचा अर्धा प्रयोगाच्या टेबलावर. जिओजेब्रातला घन आता त्या जुन्या यंत्रांच्या स्वतःच्या चित्र-चिपांवर फिरतो. मराठी टंकलेखन बसवायला मात्र एक पूर्ण दुपार गेली, आणि दोन शिक्षकांना सवयीच्या विंडोजवाचून अजून चुकल्यासारखे वाटते. त्यांच्यासाठी शेजारचा साधा संगणक तसाच ठेवला आहे.

पेटी प्रयोगशाळेतून जिन्याखालच्या कोठीत गेली. दाराला जाळी लावून घेतली, दर शनिवारी शिपाई मामा तिच्यावरची धूळ फुंकणीने उडवतात. देखरेख-नियंत्रकाची नोंदवही वाचण्याचे काम नववीच्या त्या मुलीने मागून घेतले आहे. जानेवारीत तिने फोनवर वाचून दाखवले: दुसऱ्या प्रोसेसरच्या तिसऱ्या पट्टीत एक चूक, दुरुस्त. पट्टी बदलायची का, असे तिने विचारले. मी म्हटले, आठवडाभर तीच पट्टी पुन्हा येते का ते पाहा, मग तिची जागा शेजारच्या पट्टीशी बदल आणि पुन्हा आठवडाभर पाहा.